लिलीची पुष्परचना स्पर्धा, संभाजीनगर : परीक्षकांमुळं फी वसूल, पाण्याची मात्र बोंब

यंदा फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगरला फुलांचं प्रदर्शन झालं त्यात पुष्परचनेसाठी लिलीचा वेगळा गट ठेवला होता, मी परभणीहून भाग घ्यायला गेले होते, त्याचा हा रिव्ह्यू. आयोजकांचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पाचपैकी साडेतीन. एक स्टार पाण्यासाठी कापला अन् अर्धा माहितीपत्रकासाठी.

माहितीपत्रकाचं आधी सांगते कारण राग तिथूनच सुरू झाला. त्यात फक्त "लिली हे मुख्य फूल असावे" एवढं लिहिलेलं. आता आपल्याकडं कुठल्याही फुलवाल्याला लिली द्या म्हणलं की तो हारात घालायची ती पांढऱ्या लांबट कळ्यांची जुडी पुढं करतो, ती स्पायडर लिली, निशिगंधाच्या शेजारीच ठेवलेली असते. ती खऱ्या लिलीच्या कुळातली नाहीच. जालन्याच्या एक काकू तीच घेऊन आल्या, बिचाऱ्यांनी केळीच्या सोपटात इतकी सुंदर रचना केली होती, सगळं मांडून झाल्यावर एक स्वयंसेवक पोरगा येऊन म्हणतो काकू ही लिली चालत नाही. अहो मग आधी लिहा नं, एशियाटिक, ओरिएंटल, एलए हायब्रिड (लाँगिफ्लोरम अन् एशियाटिकचा संकर) या खऱ्या लिलीच्या प्रकारांपैकी पाहिजे म्हणून, एक ओळ लागते! काकूंची फी पण परत दिली नाही. हे मला अजिबात पटलं नाही.

बाहेरच्या देशांत नुसत्या लिलीचे शो भरतात, नॉर्थ अमेरिकन लिली सोसायटी तर 1947 ची आहे, तिकडं लिली घरच्या बागेत उन्हाळ्यात फुलते, लोक आपल्याच वाफ्यातली दांडी कापून स्पर्धेत ठेवतात. आपलं तसं नाही. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात एशियाटिक कोण लावणार. आपल्याला मिळते ती पॉलीहाऊसमधली, आमच्याकडं बहुतेक पुण्याकडून येते, आधी ऑर्डर द्यावी लागते अन् एका दांडीला शंभराच्या आसपास मोजावे लागतात. म्हणजे आपल्यासाठी या स्पर्धेचा अर्धा खेळ फूल कधी घ्यायचं अन् कधी उमलवायचं हाच आहे, ज्यांना पुढच्या वेळी जायचंय त्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवा.

लिलीच्या दांडीवर कळ्या खालून वर अशा क्रमानं उमलतात. स्पर्धेच्या दिवशी सगळ्यात खालचं फूल पूर्ण उघडलेलं, मधलं अर्धवट अन् वरच्या कळ्या रंग धरलेल्या असं पाहिजे असेल तर दोन-तीन दिवस आधी दांड्या हातात हव्यात, अन् घेताना खालची कळी फुगून रंगावर आलेली बघून घ्या, पार हिरव्यागार कळ्या कधी कधी उमलतच नाहीत. घरी आणल्यावर दांडी तिरकी कापायची, पाण्यात बुडणारी पानं काढायची, बादलीभर पाण्यात गार खोलीत उभी करायची. उमलणं मागं राहत असेल तर कोमट पाणी, पुढं पळत असेल तर गार पाणी. अन् त्या खोलीत पिकलेली केळी ठेवू नका, अर्धापूरची असली तरी नको, पिकणाऱ्या फळातून इथिलीन गॅस निघतो, त्यानं कळ्या गळतात. फूल उघडल्याबरोबर आतले तपकिरी परागकोश फुटायच्या आधीच चिमटीनं काढून टाका. एकदा फुटले की साडीवर हळद सांडल्यासारखा डाग पडतो, तो पाण्यानं चोळायचा नाही, चिकटपट्टीनं उचलायचा. घरात मांजर असेल तर लिली तिच्यापासून लांबच ठेवा, मांजराच्या किडन्या निकामी होतात, अगदी पराग चाटले तरी.

आता तिथली व्यवस्था. जागा प्रत्येकाला पुरेशी, मागं काळा पडदा, लाइट चांगले, हे मान्य. पण पाणी? हॉलच्या मागं एकच नळ अन् तिथं रांग, वर हात धुवायलाही तोच नळ. फुलांची स्पर्धा ठेवता अन् पाण्याचे चार ड्रम भरून ठेवायला सुचत नाही म्हणजे कमाल आहे राव. मी ट्रेननं आले, हातात दांड्यांची बादली, खांद्याला पिशवी, पाण्याचा कॅन कुठं धरणार सांगा. त्यात छतावरचे पंखे फुल स्पीडला, बंद करा म्हणलं तर म्हणे पाहुण्यांना गरम होतं. वाऱ्यानं पाकळ्या लवकर मरगळतात हे फुलांच्या प्रदर्शनवाल्यांना मी सांगायचं का?

फोमबद्दल पण बोलायचंय. नवीन लोकांना तिथंच दांड्या खोचायच्या हिरव्या फोमच्या विटा विकत देत होते अन् पोरं ती वीट बोटानं दाबून पाण्यात बुडवत होती, तसं केलं की आत कोरडी जागा राहते, ती तरंगत सोडायची, आपोआप पाणी पिऊन खाली बसते. खरं तर फोम हे प्लॅस्टिकच आहे, लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं 2021 पासून आपल्या शोमधून तो बंद केला. आपणही दांड्या रोवायची काट्याची चकती वापरायला शिकलं पाहिजे, इकेबाना म्हणजे जपानी पुष्परचना करणारे तिला केंझान म्हणतात, एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकते.

पण परीक्षक! त्यांच्यासाठी मी पुन्हा जाईन. दोघीजणी होत्या, निकाल लागल्यावर निघून गेल्या नाहीत, प्रत्येक रचनेपुढं थांबून बोलल्या अन् प्रत्येकाला हातानं लिहिलेलं शेऱ्याचं कार्ड दिलं. पहिलं बक्षीस मिळालं त्यात फक्त तीन दांड्या होत्या, पांढरी एलए, काळी उथळ थाळी अन् शेंगा लटकलेली बाभळीची वाळकी फांदी. बस. पब्लिक म्हणत होतं यात काय आहे, तेव्हा त्यातल्या एका मॅडमनं फांदीला हात लावून समजावलं की सगळ्यात उंच रेष भांड्याच्या साधारण दीडपट आहे म्हणून नजरेला तोल वाटतो, अन् रिकामी सोडलेली जागा पण रचनेतच मोजायची. शेजारीच गुलाबी ओरिएंटलचा भला मोठा गुच्छ होता, महागडा, वासानं हॉल भरलेला, त्याला काहीच मिळालं नाही. स्टेजवरच्या डेकोरेशनला तो शोभला असता.

माझ्या रचनेत केशरी एशियाटिकसोबत ज्वारीची कणसं अन् करडईची फुलं होती. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' ही करडईची जात दिली, मग परभणीच्या माणसानं करडई नाही वापरायची तर कोणी वापरायची. वाळली तरी रंग धरून राहते, बाहेर देशात तर फुलदाणीसाठी म्हणून पिकवतात. कार्डावर शेरा आला : "रेष उत्तम, करडई कमी करावी." मला अजूनही पटलेलं नाही, केशरी लिली अन् केशरी करडई एकमेकांत मिसळतात हेच तर मला हवं होतं. तिथंच मॅडमशी पंधराएक मिनिटं वाद घातला, त्यांनीही रागावून न जाता ऐकून घेतलं, शेवटी म्हणाल्या पुढच्या वर्षी पांढऱ्या लिलीसोबत करून आणा मग बोलू. असं भांडायला मिळणं 200 रुपये फीत स्वस्तच आहे.

जेवणाचं कूपन फीमध्येच होतं, भाजी-पोळी ठीक. संध्याकाळी साहित्य परत घेताना गोंधळ असतो, थाळीच्या अन् केंझानच्या खाली नावाची पट्टी चिकटवून न्या. फी रोखच घेतात, सुट्टे ठेवा, अन् फॉर्म भरायच्या आधी फोन करून कुठली लिली चालते ते स्पष्ट विचारून घ्या.