विज्ञानाची राज्यस्तरीय परीक्षा: टेक्सस, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी की मॅसॅच्युसेट्स?

अमेरिकेत दोन-तीन ठिकाणांहून नोकरीचे बोलावणे आलेले मराठी कुटुंब पगार, घरभाडे, कर आणि हिवाळा यांचा हिशेब बारकाईने मांडते. मुलांच्या शाळेचा प्रश्न मात्र पुष्कळदा घरे दाखवणाऱ्या संकेतस्थळावर शाळेपुढे छापलेल्या, दहापैकी आठ किंवा नऊ अशा आकड्यावर निकालात काढला जातो. या आकड्यामागे भाषा आणि गणित यांच्या चाचण्यांचे वजन मोठे असते आणि विज्ञान बहुधा बाजूला पडलेले असते. मूल चौथी ते नववीच्या दरम्यान असेल आणि त्याच्या विज्ञानशिक्षणाकडे पालकांचे लक्ष असेल, तर प्रत्येक राज्याने गेल्या दहा-बारा वर्षांत विज्ञानाची मानके आणि त्यांवरील परीक्षा कशी बदलली हे पाहिलेले बरे. मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने जातात अशी चार राज्ये येथे घेतली आहेत. माझ्या मते दोनच गोष्टी तपासायच्या असतात: मानकांबरोबर परीक्षाही खरोखर बदलली का, आणि त्या परीक्षेचा निकाल मुलाला कितपत भोवतो.

चारही राज्यांना समान असलेली चौकट केंद्रीय कायद्याची आहे. 2015 च्या शिक्षण कायद्यानुसार भाषा आणि गणित यांची चाचणी तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा घ्यावी लागते, तर विज्ञानाची चाचणी तिसरी ते पाचवी, सहावी ते नववी आणि दहावी ते बारावी या तीन टप्प्यांत प्रत्येकी एकदाच घेणे बंधनकारक आहे. काय शिकवायचे आणि प्रश्न कसे काढायचे हे मात्र राज्ये ठरवतात. या व्यवस्थेचा एक परिणाम सर्वत्र जाणवतो. ज्या इयत्तेत विज्ञानाची परीक्षा नसते, त्या इयत्तेत विज्ञानाचा तास भाषा-गणिताच्या सरावाकडे वळवण्याचा मोह शाळांना होतो, आणि प्राथमिक शाळेत तर हे सर्रास घडते. म्हणून शाळा पाहायला गेल्यावर तिसरी-चौथीच्या वर्गात आठवड्याला विज्ञानाला किती मिनिटे मिळतात, हे थेट विचारावे.

मानकांच्या बाबतीत चारांपैकी तीन राज्ये एका कुळातली आहेत. राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2011 मध्ये शालेय विज्ञानाचा एक आराखडा मांडला आणि त्यावरून 26 राज्यांच्या सहभागाने तयार झालेली मानके 2013 च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे नाव ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’, पण शिक्षकांच्या बोलण्यात ती ‘एनजीएसएस’ या आद्याक्षरांनीच येतात. कॅलिफोर्नियाने ती त्याच वर्षी आणि न्यू जर्सीने 2014 मध्ये स्वीकारली. मॅसॅच्युसेट्सने तोच आराखडा पायाभूत धरून 2016 मध्ये स्वतःची मानके केली आणि तंत्रज्ञान व अभियांत्रिकी हा विज्ञानाच्या बरोबरीचा विभाग आपल्या जुन्या परंपरेप्रमाणे कायम ठेवला. या मानकांत ‘विद्यार्थ्याला अमुक माहीत असावे’ असे लिहिलेले नसते, तर त्याने काय करून दाखवावे हे लिहिलेले असते. उदाहरणार्थ, माध्यमिक टप्प्यावरील एक अपेक्षा अशी आहे की, पदार्थांचे गुणधर्म परस्परक्रियेच्या आधी आणि नंतर काय होते याची माहिती तपासून विद्यार्थ्याने रासायनिक अभिक्रिया घडली की नाही हे ठरवावे. म्हणजे परीक्षेत त्याच्यासमोर घनता, द्रवणांक आणि विद्राव्यता यांचा तक्ता येऊ शकतो. अभिक्रिया झाली असे तो म्हणाला, तर तक्त्यातील कोणत्या नोंदीवरून म्हणाला हेही त्याला दाखवावे लागते.

बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेल्या मुलाची अडचण नेमकी येथे होते. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर त्याला तोंडपाठ असते, ‘फरक स्पष्ट करा’ आले की तो दोन रकाने आखून मोकळा होतो आणि आकृतीला नावे देण्यात तर त्याचा हात कोणी धरत नाही. परंतु कधी न पाहिलेला तक्ता समोर ठेवून ‘यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही’ असे विचारले की तो पाठ केलेल्या व्याख्येकडे धाव घेतो. त्याचे ज्ञान कमी असते असे नव्हे. रसायनशास्त्राची परिभाषा किंवा समीकरणे यांत तो तेथील वर्गमित्रांच्या पुढेही असू शकतो. तरीही पहिल्या वर्षीच्या निकालात ती आघाडी दिसेल अशी अपेक्षा कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स या तिन्ही ठिकाणी धरू नये.

टेक्ससने एनजीएसएस स्वीकारले नाही. तेथील मानकांना ‘टेक्स’ म्हणतात आणि ती इयत्तावार, मुद्देसूद आणि क्रमांक दिलेली असल्यामुळे आपल्याकडील अध्ययन निष्पत्तींची यादी पाहिलेल्या पालकाला लगेच ओळखीची वाटतात. हायस्कूलच्या मुख्य विषयांची नवी मानके 2020 मध्ये आणि आठवीपर्यंतची 2021 मध्ये मंजूर झाली आणि 2024 च्या ऑगस्टपासून वर्गात आली. नाव वेगळे असले तरी या नव्या मानकांत वैज्ञानिक व अभियांत्रिकी कार्यपद्धती आणि सर्व शाखांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या संकल्पना यांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे, म्हणजेच ज्या आराखड्याला टेक्ससने बाहेरून नकार दिला त्यातील बरेच काही मागच्या दाराने आत घेतले आहे. हायस्कूलच्या विज्ञान विषयांत किमान 40 टक्के वेळ प्रयोगशाळेतील व प्रत्यक्ष क्षेत्रातील कामाला द्यावा, असा नियमही तेथे आहे आणि तो मला या राज्याच्या बाजूने मोठा मुद्दा वाटतो.

आता परीक्षा. कॅलिफोर्नियात 2013 ला मानके आली आणि त्यांवर आधारलेली ‘कॅस्ट’ ही संगणकावरील परीक्षा 2018-19 मध्ये प्रत्यक्ष लागू झाली. न्यू जर्सीतही नवी परीक्षा 2019 मध्ये सुरू झाली. मॅसॅच्युसेट्सची ‘एमकॅस’ पाचवी आणि आठवीसाठी 2019 मध्ये, तर हायस्कूलच्या जीवशास्त्र व प्राथमिक भौतिकशास्त्रासाठी 2022 मध्ये नव्या स्वरूपात आली. मानके आणि परीक्षा यांच्यामधल्या या तीन ते सहा वर्षांत वर्गात एक शिकवले जात होते आणि परीक्षेत दुसरेच विचारले जात होते किंवा काहीच विचारले जात नव्हते. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये ही ओढाताण सर्वांत लांबली. तेथे मानके 2016 ची, आठवीची नवी परीक्षा 2024 ची, जीवशास्त्राची नवी रीजंट्स परीक्षा (तेथील हायस्कूलची राज्यस्तरीय परीक्षा) 2025 ची, तर रसायन व भौतिकशास्त्रासाठी 2026 साल ठरले. नव्याने जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने समाधानाची बाब ही की वरील तीन राज्यांत हा संक्रमणकाळ संपलेला आहे, शिक्षकांचा हात बसलेला आहे आणि जुने प्रश्न अभ्यासाला उपलब्ध आहेत.

टेक्ससमध्ये घडी अजून बसायची आहे. ‘स्टार’ ही परीक्षा 2012 पासून चालू आहे. 2023 मध्ये तिचे स्वरूप बदलले, ती संगणकावर गेली आणि बहुपर्यायी प्रश्न 75 टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत अशी मर्यादा आली. 2025 च्या वसंतात ती नव्या मानकांवर घेतली गेली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मंजूर झालेल्या कायद्याने 2027-28 पासून ‘स्टार’च्या जागी वर्षारंभी, मध्यावर आणि वर्षअखेर अशा तीन छोट्या चाचण्या आणण्याचे ठरवले. आज सहावीत प्रवेश घेणारे मूल आठवी संपेपर्यंत दोन पद्धतींतून जाईल. आणखी एक बाब पालकांना सहसा कोणी सांगत नाही: लेखी उत्तरे तपासण्यासाठी टेक्ससने 2023 च्या डिसेंबरपासून संगणकीय प्रणाली वापरात आणली असून सर्व नव्हे तर काहीच उत्तरे माणसाच्या नजरेखालून जातात. ज्या मुलाचे विज्ञान पक्के पण इंग्रजी वाक्यरचना अजून अवघडलेली आहे, त्याच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

निकालाच्या परिणामांत चारही राज्यांत मोठे अंतर आहे. कॅलिफोर्नियात ‘कॅस्ट’ पाचवी, आठवी आणि हायस्कूलमध्ये एकदा होते. तिच्यावर उत्तीर्ण होणे किंवा पदवी (म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र) मिळणे अवलंबून नाही आणि पालकांनी लेखी मागणी केली तर मुलाला परीक्षेतून वगळण्याची तरतूदही कायद्यात आहे. न्यू जर्सीत परीक्षा पाचवी, आठवी आणि अकरावीत होते, पण पदवीसाठीच्या चाचणीत केवळ भाषा आणि गणित आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 2010 च्या तुकडीपासून विज्ञानात उत्तीर्ण होणे शालान्त पदवीसाठी आवश्यक होते. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये झालेल्या सार्वमतात सुमारे 59 टक्के मतदारांनी ‘एमकॅस’ची ही अट काढून टाकली. परीक्षा राहिली, तिची धास्ती गेली. टेक्ससमध्ये मात्र जीवशास्त्राची अंतिम चाचणी पदवीसाठी आजही लागते. अशा अंतिम चाचण्यांपैकी दोनपर्यंत विषय अडले तर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नेमलेली समिती इतर कामगिरी पाहून त्याला पदवी देऊ शकते, हे खरे. तथापि नववी-दहावीत तेथे दाखल होणाऱ्या मुलाने आधी भारतात शिकलेले जीवशास्त्र ग्राह्य धरले जाईल का, हे प्रवेशापूर्वीच शाळेच्या समुपदेशकाकडून लेखी घेतलेले चांगले.

टक्केवारीविषयी सावध राहणे भाग आहे. कॅलिफोर्नियात ‘कॅस्ट’मध्ये अपेक्षित पातळी गाठणारी मुले सुमारे 30 टक्के असतात, आणि हा आकडा वाचून शाळा बुडाल्या असे वाटू शकते. टेक्ससच्या बातम्यांतील उत्तीर्णांचे आकडे बरेच वर दिसतात, कारण तेथील चार पातळ्यांपैकी दुसऱ्या, म्हणजे ‘इयत्तेच्या पातळीजवळ’ असलेल्या मुलांनाही उत्तीर्णच धरतात. ‘पातळी गाठली’ ही तिसरी पायरी वेगळी मोजावी लागते. दहावीला 35 ला पास ही आपल्या मनात मुरलेली कल्पना येथे दिशाभूल करते, कारण कॅलिफोर्नियातील तिसरी पातळी म्हणजे पास नव्हे, तर पुढच्या शिक्षणासाठी भक्कम तयारी असा तिचा अर्थ आहे. एका राज्याचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी मांडून निर्णय घेणे म्हणूनच व्यर्थ आहे. त्याच राज्यातील दोन शाळांची तुलना करायला मात्र तो उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष आशयात सर्वांत ठळक फरक हवामानबदलाच्या विषयात आढळतो. न्यू जर्सीने 2020 मध्ये हा विषय सर्व इयत्तांत आणि विज्ञानाबरोबर इतर विषयांतही शिकवण्याचे ठरवले आणि 2022 च्या सप्टेंबरपासून ते अमलात आणले. असे करणारे ते देशातले पहिले राज्य होते. टेक्ससच्या आठवीच्या मानकांतही हरितगृह वायू, जंगलतोड आणि शहरीकरण यांचा हवामानावर कसा परिणाम होऊ शकतो हे पुराव्यानिशी सांगावे अशी अपेक्षा आहे, पण तेथे पाठ्यपुस्तकांच्या निवडीवरून राज्य मंडळात वाद झडतात आणि 2023 मध्ये आठवीची अनेक पुस्तके नाकारली गेली. वर्गात काय शिकवले जाईल हे तेथे डिस्ट्रिक्टवर, म्हणजे त्या भागातील शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेवर, बरेच अवलंबून राहते.

प्रात्यक्षिकाबाबत चारांपैकी एकाही परीक्षेला पैकीच्या पैकी देता येत नाही. महाराष्ट्रात दहावीला विज्ञानाच्या दोन भागांचे प्रत्येकी 40 गुण आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण असतात, आणि त्या 20 गुणांची खिरापत कशी वाटली जाते हे सर्वांना ठाऊक असले तरी निदान लिटमस कागद हाताळला जातो. या चार राज्यांच्या परीक्षांत प्रयोग पडद्यावरच उरकला जातो: तापमानाची पट्टी सरकवायची, आलेख पाहायचा, उत्तर ओढून जागेवर ठेवायचे.

मराठी माध्यमातून किंवा अर्ध-इंग्रजीतून जाणाऱ्या मुलासाठी आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. नव्याने आलेल्या, इंग्रजी शिकत असलेल्या विद्यार्थ्याला भाषेच्या चाचणीतून पहिल्या वर्षी सूट देण्याची मुभा राज्यांना आहे. विज्ञानाच्या चाचणीतून नाही. मूल जानेवारीत पोचले आणि पाचवी किंवा आठवीत बसले, तर चार-पाच महिन्यांत ही परीक्षा त्याच्यासमोर येते. शब्दार्थांची किंवा द्विभाषिक शब्दकोशाची सवलत मागून घ्यावी लागते. ‘एमकॅस’ला वेळेची मर्यादा नाही, आणि अशा मुलाला तो दिलासा लहान नसतो.

आता कौल देतो. मूल तिसरी-चौथीत असेल तर यांपैकी कोणत्याही राज्यात परीक्षेमुळे बिघडण्यासारखे काही नाही. तेव्हा नोकरी आणि माणसे पाहून ठरवावे. मूल सहावी-सातवीत असेल आणि निवड खरोखर हातात असेल, तर माझे मत मॅसॅच्युसेट्सकडे झुकते, कारण तेथे मानके आणि परीक्षा एकमेकांशी जुळलेल्या आहेत, अभियांत्रिकीचा भाग वेगळा आणि भरीव आहे, आणि परीक्षेत आलेले प्रश्न दरवर्षी प्रसिद्ध होत असल्याने घरी बसून तयारीचा अंदाज घेता येतो. घरांच्या किमती पाहून तो विचार सोडावा लागला, तर न्यू जर्सी जवळपास तेच देते. कॅलिफोर्नियात परीक्षा सौम्य आहे, पण शाळा-शाळांतील तफावत इतकी आहे की डिस्ट्रिक्ट नीट न पाहता तेथे जाणे म्हणजे राज्य निवडून शाळा नशिबावर सोडणे होय. टेक्सस मी नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलासाठी शेवटी ठेवीन, कारण जीवशास्त्राची अट आणि बदलती परीक्षापद्धती या दोन्ही गोष्टी नेमक्या त्याच वर्षांत त्याच्या वाट्याला येतील. पाचवीच्या आतील मुलासाठी मात्र, डिस्ट्रिक्ट चांगले असेल तर, टेक्सस नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. तिकिटे काढण्यापूर्वी टेक्सस आणि मॅसॅच्युसेट्स या दोन राज्यांच्या आठवीच्या प्रसिद्ध प्रश्नपत्रिका उतरवून घ्याव्यात आणि मुलाला दोन रविवारी सोडवायला द्याव्यात. कोणत्या प्रश्नावर ते अडकते हे कळले की पुढच्या सहा महिन्यांत त्याच्याकडून काय करून घ्यायचे हे ठरवता येते.