झोपेत दात आवळणाऱ्यांसाठी नाईट गार्ड : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

झोपेत दात खाणाऱ्या माणसाची करकर शेजारी झोपलेल्याला ऐकू येते. माझ्या बाबतीत तसे कधी झाले नाही, कारण मी दातांवर दात घासत नव्हतो, तर ते रात्रभर घट्ट आवळून धरत होतो आणि त्याला आवाज नसतो. सकाळी उठल्यावर दोन्ही कानशिले ठणकत असत, पहिला घास घेताना जबडा आखडल्यासारखा वाटे आणि जांभई देताना कानापुढच्या सांध्यात ‘कट्’ असे वाजे. जवळजवळ दोन वर्षे मी या डोकेदुखीला पित्त समजत राहिलो. थंड पाण्याने दातांतून कळ येऊ लागली तेव्हा एका दवाखान्यात मला त्यासाठीची टूथपेस्ट तेवढी लिहून मिळाली. पुढे एके दिवशी साधा वरणभात खाताना उजव्या दाढेचा टवका उडाला आणि दुसऱ्या डॉक्टरांनी प्रथमच संपूर्ण तोंड नीट पाहिले. गालाच्या आतल्या बाजूची पांढरी रेघ, जिभेच्या कडेवर उमटलेले दातांचे ठसे आणि टोके झिजून सपाट झालेले सुळे त्यांनी मला आरशात दाखवले. लहानपणी आजी म्हणत असे की दात खाणाऱ्या पोराला जंत झालेले असतात. ही समजूत अजूनही घरोघरी आहे, आणि तिच्यामुळे मोठ्या माणसाला आपण दात आवळत असू अशी शंकाही येत नाही.

खर्चाचा विचार करून मी आधी ऑनलाइन मिळणारा सातशे रुपयांचा गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचे आवरण, घेतला. गरम पाण्यात मऊ करून तो दातांवर चावून बसवायचा असतो. पातेल्यातून काढून चावताना थोडा जरी बाजूला सरकला, तरी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असा साचा तयार होतो; माझा तसाच झाला. शिवाय तो रबरासारखा मऊ असल्याने झोपेत मी तो चघळत राहिलो आणि सकाळी जबडा आधीपेक्षा जास्त थकलेला असे. सहा आठवड्यांत मागच्या दाढांखाली त्याला भोके पडली. सर्वांना हाच अनुभव येईल असे मी म्हणणार नाही, पण घट्ट आवळणाऱ्या माणसाने यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर डॉक्टरांकडे माप देऊन अ‍ॅक्रिलिक या कडक प्लास्टिकचा, वरच्या सर्व दातांवर बसणारा गार्ड करून घेतला. त्याला साडेपाच हजार रुपये पडले आणि तयार होऊन यायला आठ दिवस लागले. या रकमेचे खरे मोल त्या पारदर्शक तुकड्यापेक्षा तो बसवताना घेतलेल्या कष्टांत आहे. डॉक्टरांनी दातांमध्ये निळा कागद धरून मला चावायला लावले, जिथे ठिपका गडद उमटला तिथे अ‍ॅक्रिलिक किंचित घासले, पुन्हा कागद, पुन्हा घासणे, असे सुमारे चाळीस मिनिटे चालले होते. खालचे दात गार्डवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आणि सारख्याच दाबाने टेकले पाहिजेत, नाहीतर सगळा भार एकाच दाढेवर येतो. पंधरा दिवसांनी आणि दोन महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा झाली. ज्या ठिकाणी गार्ड हातात देऊन रवाना करतात, तिथे कितीही स्वस्त पडला तरी तो करून घेऊ नये.

पहिला आठवडा कठीण गेला. तोंडात लाळ सुटत असे, बोलताना जीभ अडखळे आणि दोनदा झोपेतच मी तो काढून उशीखाली ठेवला होता. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र सकाळची कानशिलांची ठणक स्पष्टपणे कमी झाली आणि थंड पाण्याची कळही हळूहळू ओसरली. सांध्यातला आवाज अजून आहे. तो दुखत नसेल तर त्याच्या मागे लागू नका, असे मला सांगण्यात आले आहे. आज गार्ड उजेडात तिरका धरला की उजव्या बाजूला दोन चकचकीत घासलेल्या खुणा दिसतात. म्हणजे आवळणे थांबलेले नाही. गार्ड दात वाचवतो, सवय घालवत नाही, आणि ही गोष्ट माप घेण्यापूर्वीच रुग्णाला सांगायला हवी. झिजलेले एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, पुन्हा तयार होत नाही, त्यामुळे ती झीज माझ्या सुळ्यांऐवजी अ‍ॅक्रिलिकवर होते आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

सवयीचा दुसरा अर्धा भाग दिवसाचा आहे आणि तिथे गार्ड उपयोगाचा नाही. तोंड मिटलेले असताना ओठ टेकलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांपासून किंचित सुटे, ही जबड्याची स्वाभाविक स्थिती असते. हिशेबाचे काम करताना किंवा गाडी चालवताना माझे दात नकळत मिटतात. मी संगणकाच्या कडेला हिरवी टिकली चिकटवली आहे. ती दिसली की जिभेचे टोक ‘न’ म्हणताना लागते त्या जागी टेकवून जबडा सैल सोडतो. संध्याकाळनंतरचा चहाही बंद केला आहे.

देखभाल सोपी आहे : सकाळी गार पाण्याखाली मऊ ब्रशने घासून कोरडा करून डबीत ठेवायचा. गरम पाणी वापरल्यास त्याचा आकार बिघडतो. जे मोठ्याने घोरतात आणि दिवसा पेंगतात त्यांनी मात्र आधी झोपेची तपासणी करून घ्यावी, कारण झोपेत श्वास अडकण्याच्या विकारासोबत दात आवळणेही आढळते आणि अशा काही रुग्णांमध्ये वरच्या दातांवरच्या गार्डने श्वासाचा त्रास वाढू शकतो. नैराश्यावरील काही औषधांनीही दात आवळण्याचा त्रास सुरू होऊ शकतो. अशी गोळी चालू असल्यास ती स्वतःहून बंद न करता दाताच्या आणि मनोविकाराच्या अशा दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घालावी.