टी३ लार्जचं रिझर्व्हेशन, एक नको असलेली टिक आणि अकरा महिने

जिनिंगच्या काटापट्टीचं (कापसाच्या वजनाच्या पावतीचं) सॉफ्टवेअर मी समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावातून चालवतो. गिऱ्हाईक बहुतेक हिंगणघाटकडचं, सर्व्हर अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या मुंबई रीजनमध्ये (त्यांच्या डेटा सेंटरच्या मुंबई विभागात) भाड्यानं. गेल्या ऑक्टोबरात, शिवारात सीतादही (कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा) व्हायच्या आधी, एका टी३ लार्जचं (टी३ हा सर्व्हरचा प्रकार, लार्ज ही साइज) एक वर्षाचं लिनक्स रिझर्व्हेशन घेतलं, म्हणजे वर्षभर भाडं भरायची हमी देऊन दरात सवलत. काही रक्कम आगाऊ, बाकी महिन्याला. नागपूरच्या एका एजन्सीनं ते आमच्या खात्यात घेऊन दिलं. लिहायला बसलो कारण या अकरा महिन्यांतले दोन महिने मी एकाच कामाचे दोनदा पैसे भरले, आणि ते अजून मनातून जात नाहीत.

सीझनभर तक्रार नव्हती. दिवाळीनंतर काट्यावर गाड्यांची रांग लागते तेव्हा लार्ज सुद्धा कमी वाटतं. मुनीमजींचा फोन ठरलेला, "भाऊ, पट्टी निंगून नाही रायली, मानसं उभे हायेत." मार्चअखेर आवक थांबली. एवढं मोठं मशीन रिकामं कशाला चालवायचं म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला एका रात्री ते थांबवलं, टी३ मीडियम केलं आणि परत चालू केलं. इलॅस्टिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, असल्यानं जिनिंगवर कोणाला कळलंही नाही. मला वाटलं, चार पैसे वाचले.

एप्रिलचं बिल उघडलं तर रिझर्व्हेशनचा ताशी आकार जसाच्या तसा, आणि खाली मीडियमचा पूर्ण ऑन-डिमांड (बिनसवलतीचा) दर वेगळा. त्यावर १८ टक्के जीएसटी. खर्च दाखवणाऱ्या कॉस्ट एक्सप्लोररमध्ये रिझर्व्हेशनचा वापर शून्य टक्के दिसत होता.

एजन्सीला फोन केला. उत्तर आलं, "साइज बदलली की सवलत जातेच, नियमच आहे. ऑक्टोबरपर्यंत परत लार्ज करून ठेवा." मे महिना असाच गेला. सहा-सात फोन, दोन ईमेल, प्रत्येक वेळी हेच. काटे बंद, आवारात सरकीचं एक पोतं नाही, आणि आपण मात्र लार्ज चालवायचं, हे मला पटेना.

शेवटी मूळ कागदपत्रं स्वतः वाचली. एजन्सीवाल्याचा नियम एके काळी खरा होता. सप्टेंबर २०१६ मध्ये रिझर्व्हेशन एका झोनऐवजी (झोन म्हणजे रीजनमधला डेटा सेंटरचा एक गट) अख्ख्या रीजनला लागू करायची सोय आली, आणि मार्च २०१७ पासून रीजनल लिनक्स रिझर्व्हेशनची सवलत त्याच फॅमिलीतल्या (आमच्यासाठी टी३ मधल्या) कोणत्याही साइजला वाटली जाते. हिशोब आपल्या पायली-कुडवासारखा आहे. स्मॉल म्हणजे १ युनिट, मायक्रो अर्धा, मीडियम २, लार्ज ४, एक्सलार्ज ८. लार्जचं रिझर्व्हेशन म्हणजे दर तासाला ४ युनिट. ती कशीही वापरा, पण त्या तासात वापरली नाहीत तर गेली.

मग आमची सवलत का गेली? आमचं रिझर्व्हेशन झोनल होतं. खरेदीच्या पानावर फक्त क्षमता राखून ठेवणाऱ्या ऑफर दाखवायची एक चौकट असते. एजन्सीनं त्यावर टिक केली होती. झोनल घेतलं की त्या झोनमध्ये मशीनची जागा राखीव राहते, पण साइजची सवलत जराही हलत नाही. जागा राखायची गरज मोठ्या कंपन्यांना असेल. काटापट्टीच्या एका सर्व्हरला तिचं काय काम? खरेदीआधी मला एकदा विचारलं असतं तर एवढंही पुरलं असतं. रिझर्व्हेशन घेतलेलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्याचा स्कोप, म्हणजे ते झोनला आहे की रीजनला, बघा. झोनचं नाव दिसलं की समजा, सर्व्हरची साइज बदलली तर सवलत सोबत येणार नाही.

दुरुस्ती मात्र इतकी सोपी निघाली की आनंदही झाला आणि रागही आला. रिझर्व्हेशन निवडलं, मॉडिफाय केलं, स्कोप झोनवरून रीजन केला. फी काही नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात वापर शंभर टक्क्यांवर आला. मागचे दोन महिने अर्थातच परत आले नाहीत.

त्यानंतर रिझर्व्हेशनबद्दल माझं मत पार बदललं. जूनमध्ये जिनिंग झोपलेलं असतं, पण पेरणीमुळे कृषी केंद्रांचं बी-बियाणं, खताचं बिलिंग उसळतं. जिनिंगचा सर्व्हर स्मॉलवर आणला, कृषी केंद्रांना मीडियम दिलं, चाचणीला एक स्मॉल. १ अधिक २ अधिक १, बरोबर चार. कापसासाठी घेतलेली सवलत खरिपाला कामी आली. वापराचं ते पान मी घरच्यांनाही दाखवलं.

जुलैत मीडियमला सवलत फक्त ७५ टक्के दिसली आणि मी पुन्हा चिडलो. पुतण्याला शिकायला दिलेलं एक मायक्रो चालूच राहिलं होतं. सवलत लहान साइजपासून मोठ्याकडे लागते, म्हणून त्यानं अर्धं युनिट आधी घेतलं. ही पद्धत अन्यायाची आहे असं मी दोन दिवस बोलत होतो. कागदावर मांडलं तेव्हा चूक कळली. टी३ मध्ये साइज दुप्पट झाली की दरही दुप्पट, त्यामुळे सवलत कोणाला आधी मिळाली यानं एकूण बिलात फरक पडत नाही. पैसे त्या चालू राहिलेल्या मायक्रोचे गेले. ते बंद केलं.

एका जिनिंगचं टॅली विंडोज सर्व्हरवर आहे, त्याला यातलं काही लागू नाही. विंडोज, रेड हॅट, सुसे यांना साइजची सवलत मिळत नाही. टी३ चं रिझर्व्हेशन टी३ए किंवा टी४जी या दुसऱ्या फॅमिलींना चालत नाही, आणि मुंबईचं हैदराबादला नाही. मायएसक्यूएलच्या आरडीएसला (भाड्याच्या डेटाबेसला) मात्र ऑक्टोबर २०१७ पासून हीच सोय आहे, फक्त मल्टी-एझेड (दुसऱ्या झोनमध्येही प्रत) असेल तर युनिट दुप्पट धरायची. फॅमिली बदलायचा विचार असेल तर २०१९ मध्ये आलेला कॉम्प्युट सेव्हिंग्ज प्लॅन बघा, सवलत थोडी कमी पण मोकळीक जास्त. मी टी३ वरच राहणार.

मुदत ऑक्टोबरात संपते आणि रिझर्व्हेशन आपोआप पुढे चालत नाही. त्यामुळे पुढचं आत्ताच रांगेत लावून ठेवलं, ही सोय रीजनललाच आहे. यंदा दिवाळीनंतर एक्सलार्ज लागेल असं दिसतं, त्यातली ४ युनिट सवलतीत आणि ४ ऑन-डिमांडवर. या वेळी खरेदी मी स्वतः केली, आणि ती चौकट रिकामी आहे हे तीनदा बघितलं.