छायाचित्रावरून रेल्वे स्थानक ओळखण्याचा खेळ : तीन आठवड्यांनंतरचा अभिप्राय

छायाचित्र पाहून रेल्वे स्थानक ओळखायचे आणि नकाशावर त्याची जागा दाखवायची, एवढाच नियम असलेला एक मोबाइल खेळ मी गेले तीन आठवडे रोज खेळतो आहे. एका डावात पाच छायाचित्रे येतात, प्रत्येकासाठी नव्वद सेकंद मिळतात आणि आपली खूण खऱ्या स्थानकाच्या जितकी जवळ पडेल तितके गुण अधिक. खेळ मला मनापासून आवडला. मात्र तो ज्या कारणासाठी आवडला, त्याच कारणाला त्याची गुणपद्धती न्याय देत नाही, असे माझे मत झाले आहे.

सुरुवातीचे डाव सोपे आहेत. अँटवर्पचा भव्य घुमट, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलमधले चार तोंडांचे घड्याळ, पोर्तोच्या साँव बेंतू स्थानकातल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सची भित्तिचित्रे, हेलसिंकीच्या दाराशी हातात दिवे धरून उभे असलेले ग्रॅनाइटचे चार पुतळे, या गोष्टी एकदा पाहिल्या की कोणी विसरत नाही; त्यामुळे येथे ओळखणे म्हणजे नुसते आठवणे होते. खरा खेळ सुरू होतो तो इमारत चौकटीबाहेर राहते आणि समोर फक्त फलाट, रूळ, खांब आणि तारा उरतात तेव्हा.

उदाहरणादाखल निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे असलेले एक स्थानक घ्या. खेळाने नाव पुसट केलेले असते आणि अशा पाट्या जर्मनीत आहेत, तशाच नेदरलँड्समध्येही आहेत. अशा वेळी नजर वर न्यावी. नेदरलँड्समधील बहुतेक मार्गांवर १५०० व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह आहे, तर जर्मनीत १५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी). व्होल्टेज कमी असले की तेवढीच शक्ती पोहोचवण्यासाठी विद्युतप्रवाह कितीतरी अधिक लागतो, त्यासाठी तांबेही अधिक लागते, आणि म्हणून डच फलाटावर गाडीच्या पँटोग्राफला, म्हणजे छतावरच्या वीज घेणाऱ्या सांगाड्याला, टेकणाऱ्या तारा सहसा दोन शेजारी-शेजारी दिसतात. जर्मनीत ती एकच असते. हे कळल्या दिवसापासून मी प्रत्येक छायाचित्रात आधी आकाशाचा भाग मोठा करून पाहतो. रुळांचेही तसेच आहे. जपानमधल्या १०६७ मिलिमीटर गेजच्या (दोन रुळांमधील अंतराच्या) मार्गावर डबा रुळांच्या दोन्ही बाजूंना बराच बाहेर आलेला दिसतो. भारताच्या १६७६ मिलिमीटर ब्रॉडगेजवर तोच डबा ऐसपैस बसल्यासारखा वाटतो.

आता मला ज्या डावाने सर्वाधिक शिकवले आणि सर्वात कमी गुण दिले, त्याविषयी. विटा आणि दगड यांची इमारत, तीव्र उताराचे छप्पर, बाजूला घड्याळाचा उंच मनोरा. मी क्षणाचाही विलंब न लावता पोलंडमधील ग्दान्स्कवर खूण केली. उत्तर होते फ्रान्समधील कोल्मार, म्हणजे हजार किलोमीटरहून अधिक दूर. ही दोन स्थानके भावंडांसारखी एकमेकांशी जुळतात, कारण १९०० च्या आगेमागे ती उभी राहिली तेव्हा दोन्ही शहरे जर्मन साम्राज्यात होती. माझा तर्क इमारतीच्या घराण्यापर्यंत अचूक पोहोचला होता, तरी गुण जवळजवळ शून्य मिळाले. अंतरावर गुण देणाऱ्या पद्धतीत डोळे मिटून नकाशाच्या मध्यावर बोट ठेवणारा खेळाडू माझ्या पुढे गेला असता.

त्याच इतिहासाने पुढच्या आठवड्यात मला तारले. एक लहानसे दुहेरी मार्गाचे स्थानक, फलाटावर फ्रेंच सूचना आणि उजव्या रुळावरून दूर जाणारी गाडी. ती दूर जाते आहे हे मागच्या लाल दिव्यांवरून समजत होते. फ्रान्समध्ये रेल्वेगाड्या सर्वसाधारणपणे डाव्या बाजूने धावतात. कोल्मार ज्यात येते तो पूर्व फ्रान्समधला अल्सास आणि त्याच्या शेजारचा मोझेल या भागांत मात्र त्या उजवीकडून धावतात, कारण १८७१ ते १९१८ या काळात तेथील रेल्वे जर्मन व्यवस्थेखाली होती आणि ती पद्धत पुढेही टिकली. मोठ्या स्थानकात कोणताही मार्ग कोणत्याही दिशेसाठी वापरला जात असल्याने हा पुरावा तेथे चालत नाही, पण येथे तो चोख होता. खूण अल्सासमध्ये लावली आणि ती बरोबर ठरली. दोन लाल ठिपक्यांवरून देशाचा एक कोपरा सापडावा, याचा आनंद मला दिवसभर पुरला.

अशा वेळी खेळाने दोन वाक्ये तरी सांगायला हवी होती. तो उत्तरानंतर फक्त स्थानकाचे नाव आणि किलोमीटरचा आकडा दाखवतो. उजव्या रुळाचे कारण मला आधीपासून ठाऊक होते म्हणून बरे. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती काहीच लागत नाही. माझी सर्वात मोठी तक्रार हीच आहे.

दुसरी तक्रार छायाचित्रांच्या काळाची. तोक्यो स्थानकाची १९१४ ची लाल विटांची इमारत १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाली. त्यानंतर तिचे गोल घुमट जाऊन कोनदार छपरे आली, तीन मजल्यांचे दोन झाले, आणि मूळ रूप परतले ते थेट २०१२ मध्ये. खेळात मला कोनदार छपरांचे छायाचित्र मिळाले, पण त्याखाली वर्ष नव्हते. घुमट शोधत बसल्याने मी ते ओळखू शकलो नाही. वर्ष छापले असते तर प्रश्न अधिक सोपा झाला नसता, प्रामाणिक झाला असता.

नावे पुसट करण्याचे कामही असमान आहे. भारतीय स्थानकाच्या पिवळ्या पाटीवरील काळी अक्षरे कितीही धूसर केली, तरी पाटीचा रंग आणि आकारच देश सांगून टाकतो, आणि एकदा तर समुद्रसपाटीपासूनची उंची तशीच वाचता येत होती. एवढ्या माहितीवर जाणकाराला जागा सापडते.

नवीन खेळाडूने सेटिंग्जमध्ये जाऊन वेळेची मर्यादा बंद करावी, असे मी सुचवेन. नव्वद सेकंदांत घुमट ओळखता येतो, तारा मोजता येत नाहीत.