एनरिच्ड गांडूळखत: झेंडूचा एक सीझन वापरून बघितलं, कसं वाटलं ते सांगते

कळव्याला सोसायटीच्या गच्चीवर माझ्या २४ ग्रो बॅग आणि मोगऱ्याच्या ६ कुंड्या आहेत, सेक्रेटरीशी भांडून मिळवलेली जागा. सुरुवात झाली फुलपुडीमुळे. रोज सकाळी दाराच्या कडीला पुडी अडकवलेली असायची, उघडली की दोन कोमेजलेले झेंडू, जरा तुळस आणि दूर्वा म्हणून कसलं तरी गवत, सासूबाई रोज देवापुढे बसून आधी त्या पुडीवाल्याचा उद्धार करायच्या मग पूजा, शेवटी म्हटलं घरचीच फुलं लावू.

गेल्या वर्षी झेंडूला नुसतं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं केमिकल खत) घालत होते दर आठवड्याला, वर नर्सरीवाला म्हणाला म्हणून चिमूट चिमूट युरिया पण. झाडं कमरेएवढी झाली, पाला तर विचारू नका, आणि दसऱ्याला तोरणापुरती सुद्धा फुलं नाहीत, जांभळी नाक्यावर गर्दीत जाऊन विकत आणली. नत्र जास्त झालं की झेंडू नुसता पाला वाढवत बसतो आणि त्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा ही कीड येते, हे मला नंतर कळलं. कुंड्यांच्या कडांवर पांढरा क्षार साचला होता तो वेगळाच.

म्हणून यंदा एनरिच्ड. साधं गांडूळखत ५ किलो १२० ला, हे १८० ला. वरचे ६० कशाचे तर तयार गांडूळखतात निंबोळी पेंड, रॉक फॉस्फेट, अॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) हे जिवाणू, शिवाय ट्रायकोडर्मा ही बुरशी मिसळलेली असते. आता हे सगळं ऐकायला छान आहे पण आपल्याकडे पीएसबीला खरंच काम आहे, कारण नर्सरीत जी लाल माती मिळते ना त्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद धरून बसतं, झाडाला मिळूच देत नाही, आणि हे जिवाणू त्यातलं थोडं तरी सोडवून देतात.

पहिली पिशवी मात्र फसवणूक. कुठून घेतली ते लिहीत नाही. दुकानासमोर फुटपाथवर उन्हात थप्पी लावलेली, आत जिवाणू असले तरी भाजून निघाले असणार. घरी येऊन उघडली तर चिखल, मूठ दाबली की पाणी गळतंय आणि आंबूस वास. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे गांडूळखतात ओलावा १५ ते २५ टक्के असायला हवा, घाण वास तर नकोच. थोडक्यात मी पाणी विकत घेतलं होतं. ती पिशवी खाली गेटजवळच्या जास्वंदीला गेली.

मग दुसऱ्या नर्सरीतून दोन पिशव्या घेतल्या, सावलीत ठेवलेल्या, पॅकिंगची तारीख बघून. हे खत खरंच चांगलं निघालं. काळसर, चहा पावडरीपेक्षा जरा जाड, मुठीत लाडू होतो आणि बोट लावलं की सुटतो, वास पहिल्या पावसाच्या मातीचा.

जुलैच्या शेवटी रोपं लावताना मी आठ-आठ बॅगांचे तीन गट केले. पहिल्याला फक्त १९:१९:१९ पूर्ण, दुसऱ्याला अर्धा किलो एनरिच्ड खत आणि १९:१९:१९ अर्धंच तेही पंधरा दिवसांनी, तिसऱ्याला नुसतं एनरिच्ड. पहिली कळी पूर्ण केमिकलवाल्यांना आली, आठवडाभर आधी, खोटं कशाला बोलू. पण ऑगस्टमध्ये पाऊस जो कोसळला त्यात विरघळणारं खत बॅगेच्या भोकांतून सरळ गच्चीच्या पाइपात गेलं आणि ती झाडं पिवळी पडायला लागली. दुसरा गट टिकला, शेंडे खुडल्यावर फांद्या पण भरपूर, दसऱ्याला तोरण झालं, देवाला झालं, शेजारी वाटली, आणि दिवाळीपर्यंत फुलं चालू होती. तिसऱ्या गटाची फुलं उशिरा आणि लहान.

तर दुकानदार म्हणतो तसं 'केमिकल पूर्ण बंद करा' हे निदान पहिल्या वर्षी तरी मला पटलं नाही. हिशोब करा ना, माझ्या पिशवीवर नत्र १.५ टक्के लिहिलं होतं, म्हणजे किलोला १५ ग्रॅम, तेवढं तर ३३ ग्रॅम युरियात येतं, आणि गांडूळखतातलं सगळं त्याच सीझनला मिळतही नाही, हळूहळू सुटतं. भुकेल्या झेंडूला ते पुरत नाही. पण अर्ध्याहून जास्त केमिकल वाचलं ते नक्की, पाणीही कमी लागलं, सप्टेंबरच्या उकाड्यात एखाद्या दिवशी पाणी घालायला विसरले तरी एनरिच्ड घातलेल्या बॅगांतली झाडं माना टाकत नव्हती. खर्च बॅगेमागे १८ रुपये.

दोन गोष्टी मी चुकून शिकले. एकदा एनरिच्ड आणि १९:१९:१९ एकाच दिवशी दिलं, तसं करू नका, क्षारांनी जिवाणू मरतात, मध्ये आठ दिवस तरी जाऊ द्या. आणि हौसेने दोन बॅगांत निम्मं खतच भरलं होतं, पावसात माती दाबून गच्च झाली, पाणी वरच उभं. पाव भागाच्या वर नको.

अजून एक गंमत, खत नीट चाळलेलं नव्हतं, त्यात गांडुळांचे लिंबाच्या आकाराचे बारके पिवळे कोष होते. महिन्याभराने सासूबाई तुळशीची पानं काढायला वर गेल्या (तिच्यातही मी मूठभर घातलं होतं) आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, कुंडीत वळवळतंय काहीतरी!" आता रोज चहा झाला की 'आपली पिल्लं' बघायला जातात.

मोगऱ्याचं अजून सांगता येणार नाही, जानेवारीत छाटणी केली की त्याला देणार. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या न चाळलेल्या मालाचा कापला आणि एक 'केमिकल पूर्ण बंद' या थापेचा. फुलपुडी बंद केली, आता फक्त संकष्टीला दूर्वांसाठी घेते, त्या काही माझ्याकडे नीट येत नाहीत.