वजन घटवताना कशावर विसंबावे: घरचा वजनकाटा की मोजपट्टी?

वजन कमी करायचे ठरवलेल्या माणसापुढे पहिल्या आठवड्यातच प्रश्न उभा राहतो की फरक पडतो आहे की नाही, हे मोजायचे कशाने. रोज सकाळी न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहावे, की काटा पलंगाखाली सरकवून महिन्यातून दोनदा कंबरेला टेप लावावा? दोन्ही बाजूंचे कैवारी भेटतात आणि दोघांचेही म्हणणे अर्धेअर्धे खरे असते. काटा खोटे बोलतो, ही तक्रार मात्र मला मान्य नाही. त्या क्षणी त्याच्यावर असलेले सगळे वजन सांगणे एवढे एकच काम काट्याकडे असते. त्यात चरबी येते, स्नायू आणि हाडे येतात, पोटातले अन्न आणि मूत्राशयातले पाणीही येते. आपण मात्र त्याला फक्त चरबीबद्दल विचारत असतो आणि उत्तर मनाजोगे आले नाही की दोष त्याच्या माथी मारतो.

हा घोळ केवढा असतो ते आकड्यांतच पाहिलेले बरे. शरीरातल्या एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात असे धरतात. त्या हिशेबाने गरजेपेक्षा रोज ५०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या, तर आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम चरबी घटते, म्हणजे दिवसाला जेमतेम ६५ ग्रॅम. घरगुती डिजिटल काटे बहुधा १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात. त्यामुळे दिवसभर नेटाने पाळलेल्या पथ्याने दशांशचिन्हापुढचा अंक एका घराने तरी हलेल, याची खात्री देता येत नाही. उलट शरीरातल्या पाण्यामुळे वजन दिवसाला एखाद-दुसरा किलो सहज वरखाली होते. आदल्या रात्री जेवणात मीठ जास्त झाले, मासिक पाळी जवळ आली, सवय नसताना जोरकस व्यायाम करून पाय भरून आले, किंवा नुसते दोन दिवस पोट साफ झाले नाही, तरी आकडा चढतो. अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच काट्यावर उभे राहिलात तर अर्धा किलो वाढलेले दिसेल, आणि त्या वाढीला कोणी लठ्ठपणा म्हणणार नाही.

पहिल्या आठवड्यातली घसघशीत घट हाही याच पाण्याचा खेळ असतो. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने गरजेसाठी राखून ठेवलेली साखर, साठलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे कमी केले, विशेषतः पिष्टमय पदार्थ कमी केले, की हा साठा आधी उपसला जातो आणि काटा चार-पाच दिवसांत दीड-दोन किलो खाली येतो. माणूस हरखून जातो. तिसऱ्या आठवड्यात घट मूळ गतीवर येते, तेव्हा तोच माणूस आपले काहीतरी चुकते आहे असे समजून सगळे सोडून देतो. चूक काहीच झालेली नसते, पहिल्याच आकड्याला चरबीची घट मानलेले असते एवढेच.

थोडे विषयांतर करतो. सांतोरिओ सांतोरिओ नावाच्या इटालियन वैद्याने सुमारे तीस वर्षे तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचे, खाल्ल्या-प्यायल्याचे आणि मलमूत्राचे वजन केले. त्याचे निष्कर्ष १६१४ साली प्रसिद्ध झाले. शरीरातून दिसून येते त्यापेक्षा कितीतरी अधिक काही न दिसता बाहेर पडते, हे त्याला त्या तराजूने दाखवून दिले. रात्री निजताना आणि सकाळी उठल्यावर केलेल्या वजनांत आपल्याला जो फरक दिसतो, तो हाच. श्वासातून आणि त्वचेवाटे गेलेले पाणी त्यात बहुतांश असते.

एवढे असूनही काट्याची बाजू मी सोडणार नाही, कारण त्याचा दोष सरासरीने झाकता येतो. एक उदाहरण घेऊ. सोमवार ते रविवार रोज सकाळी केलेली वजने किलोमध्ये अशी आहेत: ८२.४, ८१.९, ८२.८, ८२.१, ८१.७, ८२.६, ८२.०. पुढच्या आठवड्यात: ८२.२, ८१.६, ८१.५, ८२.३, ८१.४, ८२.०, ८१.७. फक्त गुरुवारी वजन करणाऱ्याला ८२.१ चे ८२.३ झालेले दिसेल आणि तो कपाळाला हात लावील. सातही दिवसांची सरासरी काढणाऱ्याला मात्र ८२.२ वरून ८१.८ दिसेल, म्हणजे ४०० ग्रॅमची घट. म्हणूनच ‘आठवड्यातून एकदाच वजन करा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला अर्धवट वाटतो. वजन रोज करावे, वहीत टिपून ठेवावे आणि विचार मात्र आठवड्यातून एकदाच, तोही सरासरीचा करावा.

त्यासाठी काट्याशी नीट वागावे लागते. डिजिटल काट्याच्या पायांत बसवलेले संवेदक धातूचा सूक्ष्म वाक मोजून वजन ठरवतात, त्यामुळे तो कडक आणि सपाट जमिनीवरच ठेवला पाहिजे. गालिच्यावर किंवा पायपुसण्यावर ठेवलेल्या काट्याचा भरवसा नाही. माझ्या घरी काट्याचा एक पाय दोन फरश्यांच्या सांध्यात गेला होता. तो चार बोटे सरकवल्यावर माझे वजन ६०० ग्रॅमने बदलले आणि त्या दिवसापासून मी त्याच्या जागेवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या आहेत. वेळही ठरलेली हवी: उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी. काटा नेमके खरे वजन दाखवतो की किलोभर जास्त, याला इथे फारसे महत्त्व नाही. तो रोज सारखाच चुकत असला, तरी घट बरोबर कळते. मध्येच दुसऱ्या काट्यावर जाणे मात्र टाळावे.

आता मोजपट्टी. काट्याला सांगता येत नाही अशी एक गोष्ट ती सांगते: चरबी कुठून गेली. पोटाच्या आत, अवयवांभोवती साचलेली चरबी मधुमेह आणि हृदयविकाराच्या दृष्टीने अधिक घातक असते आणि तिचा अंदाज कंबरेच्या घेरावरून येतो. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, ही साधी कसोटी त्यासाठी वापरतात; १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाची कंबर ८० च्या आत हवी. शिवाय व्यायामाने स्नायू भरत असतील तर काटा जागचा हलत नाही आणि टेप मात्र आत येतो, कारण तेवढ्याच वजनाच्या चरबीपेक्षा स्नायू कमी जागा व्यापतात.

पण टेप अधिक प्रामाणिक असतो, या समजुतीत फार तथ्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यायचे असते. प्रत्यक्षात आपण कधी बेंबीवर, कधी तिच्या वर टेप धरतो, पोट नकळत आत ओढतो, आणि पाठीमागे टेप दोन बोटे खाली घसरलेला असतो. एवढ्याने एक-दोन सेंटीमीटर इकडचे तिकडे होतात. ढोबळमानाने एक किलो वजनामागे कंबर सेंटीमीटरभर उतरते असे धरले, तर टेपच्या चुकीतच दोन-तीन आठवड्यांची प्रगती बुडून जाते. आरशासमोर उभे राहून, लागोपाठ तीन मापे घेऊन मधले माप धरल्यास चूक बरीच आवरते. तरीही पंधरा दिवसांच्या आत टेप पुन्हा लावण्यात अर्थ नाही. टेपवर माणसे चिडत नाहीत, याचे खरे कारण ती त्याला क्वचितच विचारतात, हे असावे.

चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या काट्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते एका तळपायातून दुसऱ्या तळपायात सौम्य विद्युतप्रवाह सोडून विरोध मोजतात आणि उरलेले सूत्राने ठरवतात. शरीरातल्या पाण्याप्रमाणे ती टक्केवारीही हेलकावते. छातीत पेसमेकर असलेल्यांनी ते वापरूच नयेत.

निवड करताना साधनापेक्षा स्वतःचा स्वभाव आधी पाहावा. आकडा बघून, टिपून, दाढी करायला वळणाऱ्या माणसाने काटाच मुख्य धरावा. वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची नोंद ठेवणारी एक अमेरिकन नोंदवही १९९४ मध्ये सुरू झाली. तिच्यातले सुमारे तीन-चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात, आणि त्याचे मला नवल वाटत नाही, कारण परत चढू लागलेले वजन काट्यावरच सर्वांत आधी दिसते. याउलट आकडा वाढला म्हणून दुपारचे जेवण टाळणारे, किंवा घटला म्हणून रात्री ताव मारणारे, यांनी काटा नजरेआड करून टेप धरावा. खाण्याशी निगडित मानसिक आजार पूर्वी झाला असेल, तर दोन्ही साधने डॉक्टरांच्या हाती सोपवलेली बरी. हृदयाचे काम मंदावलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी आहे: त्यांनी वजन रोज करायचेच असते, कारण तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ म्हणजे अंगात पाणी साचत असल्याची खूण असते आणि डॉक्टरांना लगेच कळवावे लागते.

बाकीच्यांनी दोन्ही ठेवावीत, काटा रोजचा आणि टेप महिन्याचा. दोघांचे पटले नाही तर असे वाचावे: सरासरी स्थिर आहे आणि कंबर उतरते आहे, तर चालले आहे ते चालू द्यावे. पहिल्या पंधरवड्यात वजन उतरले आणि कंबर तेवढीच राहिली, तर उतरले ते बहुतेक पाणी आहे, घाई करू नये. आणि चार आठवडे सरासरीही हलली नाही, कंबरही हलली नाही, तर काट्याखालची फरशी तपासण्यापेक्षा ताटातले प्रमाण पुन्हा एकदा मोजून पाहावे.