मेग्वायर्स अल्टिमेट कंपाउंड: पांदणीतल्या गाडीवर कितपत काम करतं?

मेग्वायर्स अल्टिमेट कंपाउंड म्हणजे गाडीच्या रंगावरचे ओरखडे घासून काढायचा लेप. वावरात जाणाऱ्या गाडीवर दोन तऱ्हेचे ओरखडे असतात, आणि ही बाटली घ्यायची की नाही ते त्यावरच ठरतं. एक पांदण रस्त्याचे. दोन्हीकडून झुकलेली बाभूळ, तुराट्या, पऱ्हाट्या दारांना घासतात आणि लांब आडव्या रेघा ओढून जातात. दुसरे फडक्याचे. फुफाटा बसलेल्या बोनेटवर कोरडा फडका किंवा खांद्यावरचा दुपट्टा फिरवला, की मातीतली बारीक रेती रंगावर घासली जाते. उन्हात मग बोनेटवरच्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं. या रेघा खरं तर गोल नसतात, वाट्टेल तशा गेलेल्या असतात. उजेडाला आडव्या पडलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून चक्र दिसतं.

पारख सोपी आहे. धुतलेल्या रंगावर रेघेला आडवं नख फिरवा. नख अडकलं, तर कंपाउंडने रेघेच्या कडा बोथट होतील, रेघ जाणार नाही. नख सरळ सरकलं, तर काम होण्यासारखं आहे. हल्लीच्या गाड्यांवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. फडक्याच्या रेघा त्यात एक-दोन, फार तर तीन मायक्रॉन उतरलेल्या असतात. कंपाउंड त्या बुजवत नाही, आजूबाजूचा थर रेघेच्या तळापर्यंत घासून सपाट करतं. म्हणजे प्रत्येक वेळी थर थोडा कमी होतो. दर दिवाळीला कंपाउंड मारण्याची हौस म्हणूनच महागात पडते.

या कंपाउंडमधले कण एकसारखे बारीक असतात आणि घासताना फुटून आणखी बारीक होत नाहीत. काही कंपाउंड शेवटपर्यंत, म्हणजे कण पूर्ण झिजेपर्यंत फिरवावी लागतात. मध्येच थांबलं तर त्यांचेच ओरखडे उरतात. इथे तसं नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही फार कामाची गोष्ट आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो. तिथे लेप सुकायला लागला, तर हात थांबवून पुसून घेता येतं, नुकसान होत नाही.

तरीही ऋतू आणि वेळ पाळावीच लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे साडेपाच ते आठ, शेडखाली. पत्र्यावर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर लेपातला ओलावा उडतो, त्याचे गोळे होऊन रंगाला चिकटतात, आणि ते पुसताना नव्या रेघा पडतात. बरेच जण याचा दोष कंपाउंडला देतात.

धुण्यात घाई नको. बॅटरीवर चालणारा 16 लिटरचा फवारणी पंप इथे उत्तम चालतो, फक्त तो नवा किंवा याच कामासाठी वेगळा ठेवलेला हवा, तणनाशकाचा नको. आधी नुसतं पाणी मारून माती भिजवून वाहू द्या, हात लावू नका. मग दोन बादल्या: एकीत 15 लिटर पाण्यात कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबर हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. घुग्घुस, वणी, कोरपना या पट्ट्यात कोळशाची आणि सिमेंटची धूळ रंगाला धरून बसते. पातळ पॉलिथिनची पिशवी हातावर चढवून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर आधी क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ओलाव्यात फिरवा. क्लेचा गोळा जमिनीवर पडला की तो फेकून द्या. मळून परत वापरला, तर त्यातला एक खडा सगळं बोनेट खराब करतो.

पॉलिशचं मशीन ड्युअल ॲक्शन घ्या, म्हणजे पॅड गोल फिरता फिरता डोलतंही असं; 15 मिमी थ्रो (डोलण्याचा घेर) आणि फोमचं पॅड लावायची 5 इंची प्लेट. नुसतं गोल फिरणारं रोटरी आणि लोकरीचं पॅड शिकाऊ हातात देऊ नये. कडेवर दोन सेकंद जास्त टेकलं, की क्लिअर कोट घासून गेलाच. वॉशिंग सेंटरवर पटकन होणाऱ्या रबिंगनंतर काळ्या गाडीवर उन्हात जे सरकते पट्टे दिसतात, ते याच रोटरीचे. वर रेघा झाकणारा तेलकट लेप (ग्लेझ) असतो म्हणून पहिले काही दिवस दिसत नाहीत, दोन-चार धुण्यांनंतर उघडे पडतात.

रबरी बीडिंग, दारांखालचं काळं प्लास्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. खरबरीत प्लास्टिकवर कंपाउंड सुकलं की पांढरं बसतं आणि टूथब्रशने काढताना नाकी नऊ येतात. बाटली नीट हलवून नव्या पॅडवर लेपाचा पातळ हात फिरवून घ्या, त्यानंतर प्रत्येक भागाला वाटाण्याएवढे चार थेंब पुरे. भाग दीड फूट बाय दीड फूट, त्याहून मोठा नाही. मशीनचा वेग एक नंबरवर ठेवून पसरवा, मग चार-पाचवर न्या. हात सेकंदाला साधारण एक इंच सरकवायचा, आधी उभा मग आडवा, असे चार ते सहा फेरे. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसली पाहिजे. फिरणं थांबून पॅड नुसतं थरथरत असेल, तर दाब जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी.

व्होल्टेजचं दुखणं खेड्यात खरंच मोठं आहे. कृषिपंप सुरू असताना मशीन मरगळतं, पॅड फिरत नाही आणि रेघा जशाच्या तशा राहतात. वायर लांब असेल तर 1.5 स्क्वेअर मिमीची तीन कोअर वापरा. घरच्या लहान इन्व्हर्टरवर हे मशीन लावू नका.

प्रत्येक भागानंतर ब्रशने पॅड झाडा, चार-पाच पॅनलनंतर पॅड बदला. एका गाडीला कटिंगची (कंपाउंडने घासायची) तीन पॅड हवीतच. भरलेलं पॅड तापतं आणि काप कमी करतं. सगळीकडे सुरू करण्याआधी एका कोपऱ्यात करून बघा: आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी दोन भाग, याने लेपाचं तेल पुसा आणि अंधारात मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. खरा निकाल तेव्हाच दिसतो. पॅडवर गाडीचाच रंग उतरू लागला तर थांबा. त्या गाडीला क्लिअर कोट नाही, किंवा तुम्ही तो पार केला आहे.

छोट्या हॅचबॅकला असे साधारण 50 भाग निघतात, हट्टी जागी दुसरा फेरा धरून 100 ते 150 मिली लागतं. 450 मिलीची बाटली तीन गाड्यांना पुरते. नुसतं कंपाउंड फिरवायला निदान साडेतीन-चार तास, म्हणून उन्हाळ्यात दोन-तीन सकाळींत वाटून घ्या. हाताने फोमवर घासलं तर दाराच्या हँडलमागचे नखांचे हलके ओरखडे किंवा पूजेचं कुंकू कोरडं पुसताना पडलेल्या रेघा बऱ्यापैकी कमी होतात, पण अख्खं बोनेट हाताने होत नाही.

निकाल रंगावर आहे. करड्या, चंदेरी, लाल रंगावर एकाच फेऱ्यात समाधान होतं. काळ्या आणि मऊ रंगावर कंपाउंडनंतर हलकी धुसर झाक राहू शकते. तिथे मऊ पॅडवर फिनिशिंग पॉलिशचा (कंपाउंडहून सौम्य लेपाचा) दुसरा फेरा धरूनच चाला, आणि शेवटी सीलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर. पांढऱ्या बोलेरोला फडक्याच्या रेघा असल्या तरी फारशा दिसत नाहीत. त्या मालकाने मशीन आणि बाटलीपेक्षा आधी दोन बादल्या आणि एक चांगला हातमोजा घ्यावा.